दोराची वाटणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — त्याला आधीच माहीत असेल तर सांगून उपयोग काय, आणि माहीत नसेल तर तो देव कसला, असा शहाणपणा करून मी तिथूनही सुटलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, ‘ते का? पोरांना कातळ चढायला शिकवणारे सर? फार थोर माणूस.’ हैदराबादच्या हिमायतनगरात असं म्हणणारी दोनचार म्हातारी माणसं अजून शिल्लक आहेत.

थोर माणूस! ऐकायला बरं वाटतं. अजूनही वाटतं, हे लपवत नाही.

एका मुलीचा पाय कायमचा अधू झाला आणि एका माणसाचं नाव कायमचं धुळीला मिळालं. दोन्ही माझ्यामुळे. शेवट आधीच सांगून टाकला, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही. मधलं मात्र सांगायला जड जाणार आहे.

परवा पुन्हा राज्य दुभंगलं, तेलंगण वेगळं झालं, तेव्हा टीव्हीवर दाखवत होते — कचेऱ्यांतल्या गाड्या कुणाच्या, कपाटं कुणाची, खुर्च्या कुणाच्या. माझा मुलगा हसायला लागला. म्हणाला, “बाबा, हे तर खुर्च्यासुद्धा मोजून घेतायत!” मी हसलो नाही. उठून आतल्या खोलीत गेलो. आम्ही एकदा दोर वाटून घेतला होता, हे त्याला कुठे माहीत?

ती गोष्ट पहिल्या वाटणीच्या वेळची. जुनं हैदराबाद राज्य मोडत होतं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि उरलेले तेलुगू जिल्हे आंध्राला जोडले जाणार. ज्याचं मूळ गाव जिकडे, त्याची नोकरी तिकडे. कोठीच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत पान वाढून होईपर्यंत, सगळीकडे एकच विचारणा — तुम्ही जाणार की राहणार? जाणारे राहणाऱ्यांकडे कीव केल्यासारखं बघत आणि राहणारे जाणाऱ्यांकडे. शेजारी शेजारी राहिलेली माणसं एकमेकांना अचानक ‘तुमच्याकडचे’ आणि ‘आमच्याकडचे’ म्हणायला लागली होती.

मी राहणाऱ्यांतला. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं. आजोबा निजामाच्या कोर्टात, वडील वकील, घरात मराठीइतकीच उर्दू. वामन जाणाऱ्यांतला — परभणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून मास्तर झालेला. आम्ही दोघं एकाच मराठी शाळेत शिकवत होतो, दोघंही पंचविशीच्या आसपासचे, आणि दोघांनी मिळून मुलांसाठी भटकंतीचं मंडळ काढलं होतं.

मिळून काढलं होतं, असं मी नेहमी म्हणतो. भाषणांत तसंच म्हणत आलो. खरं म्हणजे काढलं वामनने. मी त्याच्याबरोबर गेलो, एवढंच.

हैदराबादच्या भोवती तेव्हा नुसते धोंडे होते. आज जिथे काचेचे मजले उभे आहेत तिथे एकावर एक चढलेले प्रचंड दगड, मध्ये सीताफळीची झुडपं आणि साळिंदरांची बिळं. शहरातली शहाणी माणसं तिकडे फिरकत नसत. वामन शाळेतल्या मुलांना रविवारी तिकडे घेऊन जायचा. नकाशा वाचायला शिकवायचा, तीन दगडांच्या चुलीवर खिचडी करायला लावायचा, आणि कातळ चढायला शिकवायचा. मुलींनाही न्यायचं, हा हट्ट त्याचाच. पालक बिचकले, हेडमास्तर घाबरले. वामन घरोघर गेला, आयांशी बोलला, आणि दहा घरं फिरून चार मुली घेऊन आला. त्यांतली एक नलिनी. सचिवालयातल्या एका कारकुनाची मुलगी, काटकुळी, हट्टी, दगडाला पाल चिकटावी तशी चिकटायची. वामन म्हणायचा, “ही पोरगी लई पुढं जातीय बघ, भास्कर.”

मुलं त्याला वामनदादा म्हणत. मला सर म्हणत. दोघंही मास्तरच ना आम्ही? मग तो दादा आणि मी सर — असं का? कुणी ठरवून केलं नव्हतं. पण मी ते मनात धरून ठेवलं. इतकी क्षुद्र गोष्ट आहे की सांगतानाही लाज वाटते, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आता दोराबद्दल. आमच्याकडे चांगला दोर एकच होता. लढाई संपल्यावर सिकंदराबादेत मिलिटरीचा जुना माल निघायचा, त्यातून वामनने शोधून आणलेला. तीन पेडांचा, जाड, भरपूर लांब. एका टोकाला त्याने लाल दोरा गुंडाळला होता, दुसऱ्याला निळा. कातळाच्या माथ्यावर एकाने पाय रोवून बसायचं, दोर आपल्या पाठीवरून घेऊन कडेवरून खाली सोडायचा, आणि चढणाऱ्या मुलाच्या कमरेला तो बांधायचा. मूल चढेल तसतसा वरच्याने ओढून घ्यायचा. पाय निसटला तर दोर धरतो. शास्त्र म्हणायचं तर एवढंच.

त्यात वामनचे दोन नियम होते. पहिला — कडेवर दोराखाली गोणपाटाची घडी घातल्याशिवाय मुलाला चढवायचं नाही, कारण दगडाची धार दोर खाते. दुसरा — दोर सांभाळण्याचं काम एकाचं. त्याने प्रत्येक खेपेनंतर आख्खा दोर बोटांतून सोडून तपासायचा, आणि दुसऱ्याच्या हातात देताना म्हणायचं, ‘दोर बरा.’ तेवढं म्हटलं की घेणाऱ्याने पुन्हा तपासायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, पुन्हा तपासला तर काय बिघडेल? वामन म्हणाला, “दोघं तपासणार म्हटलं की दोघंबी नीट तपासत नाहीत. एकानं शब्द द्यावा, दुसऱ्यानं घ्यावा.”

दोर सांभाळायचं काम माझं होतं. त्याने विश्वासाने दिलं होतं, आणि मला वाटायचं की मोठं काम स्वतःकडे ठेवून हमाली माझ्या गळ्यात घातली.

एका रविवारी वामन तापाने पडला. शिक्षणखात्यातले एक साहेब मंडळाचं काम बघायला येणार होते, म्हणून खेप रद्द करता येईना. मी मुलांना घेऊन मौलाअलीकडच्या कातळावर गेलो. बसमधून उतरताना प्रत्येकजण विचारतोय — वामनदादा कायकू नाही आले? वामनदादा नाहीत तर मोठा कातळ नक्को ना, सर? मी म्हटलं, मोठाच चढायचा. साहेब आले, खुर्ची मांडून सावलीत बसले, आणि मी घाईघाईने माथ्यावर जाऊन दोर सोडला. गोणपाट खाली पिशवीतच राहिलं. आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पण साहेबांसमोर पुन्हा खाली उतरून, पिशवी उपसून, वर यायचं — माझाच मला कंटाळा आला आणि वाटलं, एकदा काय होतंय.

एक जाडा मुलगा अर्ध्यावर निसटला. दोराने त्याला धरलं. पण तो घाबरून इकडून तिकडे झोके खात राहिला आणि वर दोर धारेवर घासत राहिला. शेवटी त्याचे पाय टेकले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मंडळ माझंही आहे.

संध्याकाळी घरी दोर बोटांतून सोडत होतो. लाल टोकाच्या बाजूला एका जागी बोट अडलं. तीन पेडांपैकी एक अर्ध्याहून जास्त कापला गेला होता, दुसरा खरचटला होता. मला कळलं की एवढा भाग कापून टाकायला हवा आणि वामनला सांगायला हवं. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? काही नाही. ‘बरं झालं सापडलं’ म्हणाला असता, चाकू आणला असता, आणि पुढच्या रविवारी मुलांना तो तुकडा दाखवून गोणपाटाचा धडा दिला असता. माझं नावही घेतलं नसतं. पण मुलांना कळलंच असतं ना, त्या दिवशी माथ्यावर कोण होतं?

मी वर आलेले धागे कात्रीने छाटले. पेड पिळून सारखे केले. वर मेण घासलं. दिसेनासं झालं.

तुम्ही म्हणाल, मग लगेच मुलांच्या जिवाशी खेळलात. नाही, तेव्हा नाही. मला माहीत होतं ना कुठे आहे ते! प्रत्येक वेळी मी मुलाला निळं टोक बांधायचो. दोर लांब होता, लाल बाजू माथ्यावर वामनच्या मागे नुसती पडून राहायची, तिच्यावर भार कधी यायचाच नाही. मी मनाशी ठरवलं होतं की एक दिवस, कुणी नसताना, तेवढा भाग कापून टाकीन. महिने गेले. वामनच्या हातात दोर देताना मी दर वेळी ‘दोर बरा’ म्हणत होतो.

मग राज्य मोडलं. वामनला औरंगाबादची शाळा मिळाली. मंडळातली निम्मी मुलंही आईवडलांबरोबर तिकडेच निघाली, नलिनीसुद्धा. जाण्याआधी पालकांची सभा झाली, शाळेच्या हॉलमध्ये. विषय — मंडळाच्या सामानाचं काय करायचं. सरळ विषय होता, पण त्या दिवसांत सरळ काहीच राहिलं नव्हतं. एक पालक, वकीलच ते, उभे राहून म्हणाले, सरकारी तिजोरीपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्याची वाटणी होते आहे, मग मुलांच्या वर्गणीतून घेतलेल्या सामानाची का नको? झालं. तंबू वाटले, पातेली वाटली. कंदील पाच होते, त्यावरून शब्दाला शब्द लागला. आणि मग दोर.

वामन म्हणाला, “दोर काय कापायचा असतो का, राव? ऱ्हाऊ द्या इथंच. आम्ही तिकडं बघू दुसरा.”

 वकील खाली बसले. तिथेच सगळं मिटत होतं. दोर इथे राहिला असता, मी एखाद्या दुपारी तो भाग कापून टाकला असता, आणि आज तुमच्याशी बोलायला माझ्याकडे काही नसतं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “नाही. वाटणी म्हणजे वाटणी. कुणाचे उपकार नकोत.”

का म्हणालो? मला त्याचं दान नको होतं. सगळ्यांसमोर तो मोठा झाला होता, जाता जातासुद्धा, आणि मुलं त्याच्याकडे डोळ्यांत पाणी आणून बघत होती. मी राहतोय याचं कुणाला काहीच नव्हतं. हे एक कारण. आणि दुसरं — हे मी स्वतःशीसुद्धा फार वर्षांनी कबूल केलं — बोलता बोलताच माझ्या डोक्यात हिशेब झाला होता. दोर मधोमध कापला की दुखरा भाग एकाच तुकड्यात जाणार. तो तुकडा घराबाहेर गेला की माझी चूकही घराबाहेर.

माळ्याचा कोयता आणला. आख्खा दोर हॉलभर पसरून दुमडला, मध्य काढला. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. मी घाव घातला. एकात तुटला नाही, दोनतीन घालावे लागले. नलिनी रडायला लागली. तिच्या वडलांनी तिला दटावलं, “दोरासाठी काय रडतेस?” शहाण्यासुरत्या, शिकलेल्या माणसांनी कातळ चढायचा दोर कापून अर्धा अर्धा केला, आणि एकालाही वाटलं नाही की अर्ध्या दोराने अर्धाच कातळ चढता येतो.

वामन माझ्यासमोर आला. म्हणाला, “कोणता देतोस?”

मी लाल टोकाचा दिला.

त्याने सवयीने विचारलं, “बरा?”

मी म्हटलं, “दोर बरा.”

त्याने मान डोलावली, दोर खांद्यावर टाकला आणि मुलांकडे गेला. तपासला नाही. तपासायचा नसतो, हा त्याचाच नियम.

काचीगुडा स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. सीताफळांची टोपली घेऊन गेलो — काय हे माझं अगत्य! दोर त्याच्या होल्डॉलला वरूनच बांधलेला होता, माझ्या हाताच्या अंतरावर. गाडी सुटायला वेळ होता. वामनने मला मिठी मारली. पुढच्या डब्यातून नलिनीने हात हलवला. एका वाक्याचं काम होतं. ‘वामन, लाल टोकाकडचा थोडा भाग कापून टाक रे, मला शंका आहे.’ शंकासुद्धा म्हणता आलं असतं, चूक कबूल न करता. मी त्याला सीताफळं पिकायला कशी ठेवायची ते सांगत राहिलो.

तिकडे त्याने नवं मंडळ काढलं. अर्ध्या दोरावर काढलं. आता इथे नीट ऐका, कारण माझं पाप इथे आहे. पूर्ण दोरात तो भाग मागे पडून राहायचा. अर्ध्या दोरात मागे पडायला जागाच नव्हती. लहानसा कातळ चढवायचा तरी तुकडा जवळजवळ सगळाच लागणार, आणि तो भाग नेमका धारेवर येणार. हे मला दोर कापतानाच कळत होतं. मी त्याचा विचार केला नाही, असं म्हणणार होतो. पण केला होता. केला आणि बाजूला सारला.

वर्षाच्या आत बातमी आली. औरंगाबादहून आलेले एक मास्तर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगत होते. डोंगरात मुलांना घेऊन गेला होता म्हणे वामन, पहिल्याच खेपेला. दोर तुटला. एक मुलगी पडली, कमरेचं आणि मांडीचं हाड मोडलं. वाचेल, पण पाय सरळ होणं कठीण. नाव नलिनी. आपल्याच शाळेतली ना ती?

मी काय केलं असेल, सांगा. मी आधी घरी जाऊन माझा तुकडा तपासला. निळ्या टोकाचा. तो धडधाकट होता. आणि मग माझ्या मनात जे आलं त्याला दुःख म्हणायचा धीर मला होत नाही. मी वाट बघत होतो की आता कुणीतरी येईल, दाराची कडी वाजवेल आणि विचारेल. आठवडा गेला, महिना गेला. कुणी आलं नाही. त्या दिवसांत मला चांगली झोप लागायला लागली, हेही सांगून टाकतो.

कुणी का आलं नाही? कारण वामनने कुणाला माझ्याकडे येऊच दिलं नाही. चौकशीत त्याला विचारलं, दोर कुणी तपासला होता. तो म्हणाला, मी. तुटलेलं टोक त्याने पाहिलं असणारच. घासलेला पेड, छाटलेले धागे, मेण — त्याच्या बोटांना ते कळलं नसेल? माझी खात्री आहे की कळलं होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही. मला एक ओळ लिहून विचारलंही नाही.

मग त्याचं जे व्हायचं ते झालं. गावात बोलायला लागले — वयात आलेल्या पोरींना डोंगरात नेतो, लग्न न झालेला मास्तर, हेतू काय? दोराची गोष्ट मागेच पडली, तिच्या जागी नको ती गोष्ट आली. ठरलेलं लग्न मोडलं. त्याची बदली आडगावी झाली आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही मुलांना घेऊन उंबऱ्याबाहेर पडला नाही. त्या शाळेतल्या मुलींचं बाहेर जाणं तर कायमचंच बंद झालं. मंडळातल्या मुलींना तो पहिल्यांदा हाताला धरून बाहेर घेऊन आला होता. त्याचं असं झालं.

आणि माझं? माझं मंडळ भरभराटीला आलं. मी नवा दोर घेतला, नवे तंबू घेतले. कडेवर गोणपाटाच्या दोन दोन घड्या घालायचो. मुलं मला सर म्हणत राहिली, पण आता त्यांना दुसरा कुणी दादा नव्हता. तीस वर्षांहून जास्त काळ मी पोरांना त्या धोंड्यांवर नेलं आणि एकाच्याही अंगाला ओरखडा आला नाही. सगळे म्हणत, सरांची शिस्त! हो, शिस्तच. कुणाच्या जिवावर शिकलेली, ते कुणी विचारलं नाही.

वामन एकदाच हैदराबादला आला, पेन्शनच्या कामासाठी. आबिड्सला एका इराणी हॉटेलात आम्ही चहा घेतला. त्याचे केस पांढरे झाले होते, माझेही. त्याने सगळ्या मुलांची चौकशी केली, कोण कुठे आहे, कोण काय करतं. कातळाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. निघताना म्हणाला, “तुझी पोरं बरी आहेत ना?” मी म्हटलं, बरी आहेत. तो म्हणाला, “बास मग.” त्यानंतर काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. मी गेलो नाही.

इथवर तुम्ही मला भित्रा म्हटलं असेल. म्हणा. पण हे सगळं सांगायला मी बसलो नव्हतो. ज्यासाठी बसलो ते पुढेच आहे.

वामन गेल्यानंतर दोनेक वर्षांनी माझा सत्कार झाला. नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये, जुन्या विद्यार्थ्यांनी केलेला. शाल, नारळ, भाषणं. कार्यक्रम संपल्यावर गर्दी पांगली तेव्हा एक बाई काठी टेकत, एका अंगाला झुकत माझ्याकडे आली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, “सर, मी नलिनी.”

ती भावाकडे राहायला हैदराबादला परत आली होती. लग्न केलं नव्हतं — झालं नव्हतं, असं ती म्हणाली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पाय पुढे सरळ ठेवून, कारण तो वाकत नव्हता. म्हणाली, “तुमच्याकडे एकाही पोराला खरचटलं नाही म्हणे. आम्ही इथेच राहिलो असतो तर किती बरं झालं असतं, सर.” मी शालीची घडी करत होतो.

मग ती म्हणाली, एक विचारायचं आहे, दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. वामनदादा शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांनी निरोप पाठवला होता, की नलूला एकदा बघायचंय. भाऊ गाडी काढायला तयार होता. ती गेली नाही. तिने त्या माणसाला कधी माफ केलं नव्हतं, आणि माफ न करता नुसतं तोंड दाखवायला जायचं तिच्या जिवावर आलं. निरोप पुन्हा आला. ती तरीही गेली नाही. मग तो गेल्याचं कळलं.

“तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही, सर. उगीच मन खातं. तुम्ही दोघांनाही ओळखता. खरं सांगा, मी चुकले का?”

ती माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते देऊ शकेल असा माणूस जगात एकच उरला होता. तिच्या पायाचं काही आता होणार नव्हतं. वामनचं तर नव्हतंच. पण तिने जन्मभर ज्याचा तिरस्कार केला त्याचा दोष नव्हता, एवढं तरी तिच्या हाती देता आलं असतं. त्या दोन मिनिटांत तिने माझ्या थोबाडीत मारली असती, सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. तिचा हक्कच होता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, “नाही गं बाळ. तू काही चुकली नाहीस. जबाबदारी शेवटी त्याचीच होती.”

तिने डोळे पुसले. म्हणाली, आज कितीतरी दिवसांनी हलकं वाटतंय. आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली — त्या पायाने! मी तिला वाकू दिलं.

दोर दिला तेव्हा मी तरुण होतो, हेव्याने भरलेलो होतो. हे केलं तेव्हा मी म्हातारा होतो आणि सगळं समजून-उमजून केलं. मेलेल्या वामनला मी पुन्हा एकदा ढकललं, तेही तिच्या हातून.

नलिनी इथेच राहते, काचीगुड्याला. आता तीही सत्तरीपुढची आहे. माझ्या घरापासून रिक्षाने जायचं तर चहा गार व्हायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही. मी गेलेलो नाही. दर दिवाळीला ती भाच्याबरोबर फराळाचा डबा पाठवते, चकल्या आणि बेसनाचे लाडू, वर चिठ्ठीसुद्धा नसते, नुसता निरोप — सरांना नमस्कार सांग. मी ते लाडू खातो. चांगले होतात. सणाचा डबा रिकामा परत पाठवू नये म्हणून त्यात साखर घालतो, आणि भाच्याच्या हातात देतो.